नऊ डाइव्हच्या जोरावर बोनेर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही आणि तुमचे मिस्टर, दोघांचाही ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डाइव्हिंगचा पहिला कोर्स गेल्या वर्षी झाला, आणि लॉगबुकात प्रत्येकी नऊ डाइव्ह आहेत. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला आठ दिवस बोनेरला, कॅरिबियन समुद्रातल्या बेटावर, जायचं ठरतंय. तिथे गाइड न घेता, किनाऱ्यावरून चालत जाऊन दोघंच पाण्यात उतरतात असं ऐकलंय, ते झेपेल का? तिथल्या नियमांची आणि फीची यादी वाचून नवऱ्याचा उत्साह मावळलाय. शिवाय कोर्सच्या वेळी तुमचा डावा कान त्रास देत होता.

झेपेल. पण पहिला दिवस फुकट गेला तरी चालेल, असं मनाशी ठरवून जा. मी चौदा वर्षं डाइव्हिंग शिकवतेय, बोनेरला चार वेळा जाऊन आलेय, त्यातल्या दोन वेळा तुमच्यासारखीच नवी मंडळी बरोबर होती. सुट्टी छान गेली ती पहिल्या दिवशी कमरेचं वजन (खाली जाण्यासाठी बांधायचं शिसं) नीट बसवणाऱ्यांची. ज्यांनी पहिल्याच दिवशी तीन डाइव्ह उरकले, ते चौथ्या दिवशी हॉटेलच्या बाकावर कान धरून बसले होते.

आधी बोनेरच का, ते सांगते, कारण ‘दोघंच उतरायचं’ हे दुसऱ्या कुठल्याही बेटावर मी नऊ डाइव्हवाल्यांना सुचवणार नाही. नकाशात बघा. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला साधारण 80 किलोमीटरवर, चंद्रकोरीसारखं वाकलेलं बेट. वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतो, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर लाटा आपटत असतात आणि पश्चिम किनारा बेटाच्याच आडोशाला शांत पडलेला असतो. चंद्रकोरीच्या कुशीत क्लाइन बोनेर नावाचं छोटं निर्जन बेट आहे, ते आणखी आडोसा देतं. पाऊस इतका कमी की वाहत्या नद्याच नाहीत. नदी नाही म्हणजे गाळ नाही, आणि गाळ नाही म्हणून पाण्यात 25-30 मीटरपर्यंत स्पष्ट दिसतं. वादळांचा मुख्य पट्टाही बराच उत्तरेला राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रीफ, म्हणजे प्रवाळांची रांग, किनाऱ्याला चिकटून आहे. पाण्यात शिरल्यावर काही मिनिटं पोहलात की वाळूचा उथळ भाग संपतो आणि साधारण 10 मीटरवरून प्रवाळांचा उतार खाली जायला लागतो. बोटीची गरजच पडत नाही.

म्हणून तिथली पद्धत अशी. एक पिकअप ट्रक भाड्याने घ्यायचा, मागे हवेच्या टाक्या टाकायच्या आणि समुद्राकडेच्या रस्त्याने निघायचं. कडेला पिवळ्या रंगाने रंगवलेला, नाव लिहिलेला दगड दिसला की तो डाइव्ह स्पॉट. गाडी लावा, तिथेच अंगावर सामान चढवा, चालत पाण्यात. गाडीत काहीही ठेवू नका, फोनही नाही. तिथले लोक काचा खाली आणि दारं उघडी सोडून जातात, म्हणजे आत बघायला कुणी काच फोडत नाही. तुम्हाला पहिल्यांदा धडधडेल, मग सवय होते. खरी मजा या मोकळेपणातच आहे. जागा तुम्ही निवडायची, वेळ तुम्ही ठरवायची, पाणी आवडलं नाही तर परत फिरायचं. पण बोटीवर गाइड जी चार कामं गुपचूप करत असतो, ती इथे तुमच्या गळ्यात येतात. हवा किती उरली, प्रवाह कुठला, परत कधी वळायचं आणि वर यायचं कुठे, हे सगळं तुमचं तुम्हीच बघायचं.

आता वजनाकडे येते, आणि इथे जरा रेंगाळणार आहे.

तिथे पोचल्यावर पहिल्या दिवशी कुठल्याही डाइव्ह सेंटरमध्ये ओळखवर्ग आणि चेक डाइव्ह (सरावाचा पहिला डाइव्ह) करावाच लागतो. त्याशिवाय टाक्या देत नाहीत. बहुतेक जण तो कंटाळत उरकतात. तुम्ही दोघं मात्र तिथेच तळ ठोका. छातीएवढ्या पाण्यापुढे, पाय टेकणार नाहीत अशा जागी जा. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाने घ्यायचं यंत्र) तोंडात, बीसीडीतली (हवा भरता-सोडता येणाऱ्या जॅकेटातली) सगळी हवा बाहेर, पाय हलवायचे नाहीत. नेहमीसारखा श्वास घ्या आणि धरा. पाण्याची रेघ डोळ्यांच्या उंचीला यायला हवी. मग श्वास सोडा. सावकाश खाली जायला लागलात तर वजन बरोबर. श्वास धरलेला असतानाच दगडासारखे बुडालात तर वजन जास्त. श्वास सोडूनही डोकं वर तरंगतंय तर कमी.

यात एक मेख आहे, जी घाईच्या कोर्समध्ये सांगायची राहून जाते. तिथे मिळणारी टाकी बहुधा ॲल्युमिनियमची, 11 लिटरची असते. 200 बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरली की आतल्या हवेचंच वजन अडीच किलोच्या वर भरतं. डाइव्ह संपताना 50 बार उरतात, म्हणजे त्यातली दोन किलो हवा तुम्ही श्वासातून बाहेर टाकलेली असते आणि टाकी तेवढी हलकी झालेली असते. भरल्या टाकीने ‘अगदी बरोबर’ वाटलेलं वजन शेवटी वर येण्याआधी, सुरक्षेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायची वेळ आली की कमी पडतं आणि माणूस बुचासारखा वर जातो. म्हणून चाचणी भरल्या टाकीने केलीत तर वर दोन किलो धरा. त्याहून चांगलं म्हणजे चेक डाइव्ह संपताना, टाकीत 50 बार असताना, हीच चाचणी पुन्हा करा. जो आकडा येईल तो लॉगबुकात लिहा. सोबत कोणता वेटसूट आणि कोणती टाकी हेही.

आणखी एक. तुमचा कोर्स तलावात किंवा गोड्या पाण्याच्या टाक्यात झाला असेल तर तिथलं वजन इथे चालणार नाही. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. तुम्ही, सूट, टाकी आणि बाकी सामान मिळून 80 किलो भरत असाल तर समुद्रात दोन किलो जास्त लागतात.

बहुतेक नव्या डाइव्हरचं वजन मात्र जास्तच असतं. इन्स्ट्रक्टरला विद्यार्थी पटकन खाली न्यायचा असतो, म्हणून तो सढळ हाताने शिसं बांधतो (मीही बांधलंय, खोटं कशाला बोलू). मग पाण्याखाली काय होतं ते बघा. चार किलो जास्तीचे असतील तर ते पेलायला बीसीडीत चार लिटर हवा भरावी लागते. दहा मीटरवरच्या चार लिटरचे पाच मीटरवर सव्वापाच लिटर होतात, कारण वरचा दाब कमी झालेला असतो. म्हणजे तुम्ही थोडं वर सरकलात की बीसीडी तुम्हाला आणखी वर ढकलते, तुम्ही घाबरून हवा सोडता, मग खाली पडता, मग पुन्हा भरता. दिवसभर हा लपंडाव. त्यात कमरेला वजन आणि छातीपाठीला हवा, त्यामुळे पाय खाली लोंबतात आणि फिन्स (पायातली वल्ह्यासारखी पाती) प्रवाळांवर घासतात. उलट वजन नेमकं असेल तर बीसीडीत जेमतेम ओंजळभर हवा लागते आणि वरखाली जाण्याचं काम फुप्फुसं करतात. खोल श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. हे एकदा जमलं की हवाही कमी लागते, कारण धडपड थांबलेली असते.

बोनेरला माझी पहिली खेप झाली तेव्हा मी इन्स्ट्रक्टर होऊन वर्ष झालं होतं, आणि अर्थातच चेक डाइव्हची मला गरज वाटत नव्हती. भाड्याचा सूट माझ्या सुटापेक्षा पातळ होता, हे लक्षातच घेतलं नाही. दोन किलो जास्त बांधून उतरले. एका खडकाच्या कपारीत काहीतरी दिसलं म्हणून वाकले आणि मागे ‘टक्’ असा आवाज आला. माझ्या उजव्या फिनने तळहाताएवढा तुकडा उडवला होता. वाळूवर पडलेला, तुटलेल्या बाजूने खडूसारखा पांढरा. ज्या जातीचा तो होता, तिचे डोंगरासारखे मोठे प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. तो तळहात आठ-दहा वर्षांचा होता. बरोबरच्या स्थानिक गाइडने पाण्याखाली काही केलं नाही, फक्त बाहेर आल्यावर माझ्या पट्ट्यातलं दोन किलोचं शिसं काढून ट्रकमध्ये टाकलं.

नियमांचं तुमच्या मिस्टरांना असं सांगा. पाण्यात हातमोजे घालायचे नाहीत. कारण सरळ आहे, मोजे असले की माणूस धरतो, नसले की हात आपोआप आवरतो. कशालाही हात लावायचा नाही, कासवाच्या मागे लागायचं नाही, माशांना खायला घालायचं नाही. शंख, शिंपले, मेलेल्या प्रवाळाचा किनाऱ्यावरचा तुकडासुद्धा उचलून आणायचा नाही. बोटींना नांगर टाकायला बंदी आहे, त्या तरंगत्या बोयांना बांधतात. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनवर 2021 पासून बंदी आहे, तेव्हा बाटलीमागची बारीक अक्षरं घरीच वाचा. किंवा सरळ पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड घाला आणि क्रीमची कटकटच सोडा. दोन राखीव पट्ट्यांमध्ये डाइव्हिंगच बंद आहे, त्यांची जागा ओळखवर्गात दाखवतात.

ही कडक शिस्त एका रात्रीत आलेली नाही. 1962 मध्ये कॅप्टन डॉन स्टुअर्ट नावाचा अमेरिकन माणूस शिडाच्या जहाजातून तिथे पोचला आणि तिथलाच झाला. सुरुवातीला भाल्याने मासे मारण्यात तोही सामील होता. पुढे त्याच्याच लक्षात आलं की असंच चाललं तर दाखवायला काही उरणार नाही, आणि नांगरांऐवजी कायमच्या बोया बसवण्यासाठी तो हट्टाला पेटला. भाल्याने मासेमारी 1971 मध्ये बंद झाली, प्रवाळ काढणं 1975 मध्ये आणि 1979 मध्ये संपूर्ण बेटाभोवतीचं पाणी, भरतीच्या रेषेपासून 60 मीटर खोलीपर्यंत, सागरी उद्यान म्हणून जाहीर झालं. आता फीची गोष्ट ऐका. सुरुवातीचा निधी संपल्यावर 1980 च्या दशकात हे उद्यान कागदावरच राहिलं. रक्षक नाहीत, बोयांची देखभाल नाही. 1991 मध्ये ते पुन्हा उभं केलं आणि 1992 पासून डाइव्हरकडून वर्षाला 10 डॉलर घ्यायला सुरुवात झाली. त्या पैशावर उद्यान चालायला लागलं. आता ही फी 40 डॉलर आहे, कॅलेंडर वर्षभर चालते, आणि बेटावर येताना वेगळा 75 डॉलरचा प्रवेशकर आहे. दोन्ही ऑनलाइन भरता येतात, निघण्यापूर्वी चालू दर तेवढा बघून घ्या. तिथलं चलनही डॉलरच आहे, बेट नेदरलँड्सचं असलं तरी. आठ दिवसांत पंधरा डाइव्ह धरले तर उद्यानाच्या फीचे एका डाइव्हमागे तीन डॉलरसुद्धा पडत नाहीत. बोटीवर चहा-बिस्किटालाही याहून जास्त द्यावे लागतात.

एवढं करूनही रीफ ठणठणीत आहे असं समजून जाऊ नका, नाहीतर हिरमोड होईल. 1980 च्या दशकात रोगाने फांद्यांचे प्रवाळ गेले. 1999 च्या नोव्हेंबरात लेनी वादळाच्या लाटा उलट्या दिशेने, पश्चिमेकडून आल्या आणि उथळ भाग मोडला. आणि 2023 च्या मार्चमध्ये दगडी प्रवाळांच्या पेशी झडणारा रोग बोनेरला सापडला. हाच रोग 2014 मध्ये फ्लोरिडात पहिल्यांदा दिसला होता. मेंदूसारख्या वळ्यांचे प्रवाळ आणि खांबासारखे उभे प्रवाळ त्याला लवकर बळी पडतात. तुम्हाला दिसेल तो असा. करड्या-पिवळ्या गोळ्यावर एक पांढराशुभ्र डाग, त्याची कड ठळक, आणि जुन्या डागांवर हिरवट शेवाळ चढलेलं. काही ठिकाणी डागाच्या कडेने औषधाची पेस्ट लावलेली दिसेल. तिला अजिबात हात लावायचा नाही. सामानातून रोग पसरू नये म्हणून दिवसाच्या शेवटी बीसीडी, सूट, बूट जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून काढायला सांगतात. बीसीडीच्या आतली पिशवीसुद्धा धुवायची, ती लोक विसरतात. आणि दिवसातला पहिला डाइव्ह निरोगी जागी, रोगट जागा नंतर, हा क्रम पाळा. त्या आठवड्यात कुठली जागा कशी आहे ते डाइव्ह सेंटरला विचारायचं.

आता प्रत्यक्ष डाइव्ह. दोघांत एकच नियम ठेवा, ज्याची हवा आधी 150 बारला येईल त्याच्यावर परत वळायचं. कसं ते बघा. 200 ने सुरुवात, 50 राखीव, मधले 150 वापरायचे. त्याचा एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना, उरलेला तिसरा हिस्सा प्रवाह उलटला, कुणाचा मास्क निघाला, वाट चुकली यासाठी. अनुभवी लोक निम्म्यावर वळतात. तुम्ही आठवडाभर तृतीयांशावरच राहा.

आणि उथळ राहा. हे सल्ला म्हणून नाही, हिशेब म्हणून सांगते. जमिनीवर मिनिटाला 20 लिटर हवा लागणारा माणूस 18 मीटरवर 56 लिटर ओढतो, नऊ मीटरवर 38. वापरायच्या 150 बारमध्ये 11 लिटरच्या टाकीतून साधारण 1,650 लिटर मिळतात. म्हणजे 18 मीटरवर अर्धा तास, नऊ मीटरवर पाऊण तासाच्या आसपास. बोनेरला सगळ्यात जास्त रंग आणि हालचाल पाच ते बारा मीटरमध्येच असते, कारण ऊन तिथवर भरपूर पोचतं. खोल गेलात तर पैसे देऊन निळा अंधार बघायचा.

दिशा चुकणं तिथे अवघड आहे. पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडे निघालात तर रीफचा उतार डाव्या हाताला राहतो, परत येताना उजव्या. पाण्यात शिरल्या-शिरल्या पृष्ठभागावर दोन मिनिटं हलू नका, बोया कुठल्या बाजूला ओढली जातेय ते बघा आणि प्रवाहाच्या विरुद्ध निघा. दमल्यावर परतीला प्रवाह मदतीला यायला हवा, आडवा नाही. खाली उतरलात की बोयाच्या बुंध्याजवळची एखादी खूण, वाकडा स्पंज किंवा वाळूतला पिंपासारखा खडक, दोघांनी एकमेकांना दाखवायची. वर यायची जागा तीच.

खरं अवघड ते पाण्यात शिरणं. तिथला किनारा म्हणजे मऊ वाळू नाही, जुन्या प्रवाळाचा खडबडीत, सुरीसारखा दगड आणि त्यावर सैल पांढरे तुकडे. जाड तळव्याचे बूट आणि मागे पट्ट्याचे फिन्स हवेतच, पायात घट्ट बसणारे बंद फिन्स घरी ठेवा. लाटा मोजा. दोन-तीन मोठ्या येतात, मग जरा उसंत मिळते. कंबरभर पाण्यात पोचेपर्यंत फिन्स हातात, मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात. पडलात तर पडलात, उठायची धडपड करू नका, बीसीडीत हवा भरा आणि उताणे तरंगत खोल पाण्यात जा. गुडघे फुटतात ते उठून उभं राहण्याच्या हट्टापायी.

पहिले तीन दिवस गावाजवळच्या आणि जरा दक्षिणेच्या सोप्या जागा करा, बारी रीफ, विंडसॉक, बॅचलर्स बीच. सॉल्ट पियर, म्हणजे मीठ चढवायचा धक्का, चुकवू नका. खांबांवर नारिंगी, पिवळे स्पंज, मधून तिरप्या उन्हाच्या पट्ट्या, आणि खोली तुमच्या मापाची. फक्त धक्क्याला जहाज लागलेलं असेल तर तिथे उतरायचंच नाही. ‘1000 स्टेप्स’ला पायऱ्या सत्तरच्या आसपास आहेत. टाकी पाठीवर घेऊन वर चढताना नाव कसं पडलं ते कळतं. त्याच्या पुढे उत्तरेचा रस्ता एकेरी आहे, जागा चुकली तर रिंकोन गावावरून वळसा घालून यावं लागतं, म्हणून पिवळे दगड नीट वाचत जा. दक्षिण टोकाकडच्या रेड स्लेव्हला प्रवाह जोरात असतो, या खेपेला नको. ॲलिस इन वंडरलँडला एकामागे एक असे दोन रीफ आहेत आणि मधली वाळूची घळ 30 मीटरच्या आसपास खोल आहे. पलीकडचा बघायचा मोह होईल, होऊ द्या, जाऊ नका.

हिल्मा हूकरबद्दल मिस्टर विचारणारच. 72 मीटरचं मालवाहू जहाज, 1984 मध्ये बिघडून बंदरात आलं. तपासणीत खोट्या भिंतीआड हजारो किलो गांजा सापडला. खटल्याच्या भिजत घोंगड्यात ते गळायला लागलं आणि 12 सप्टेंबरला बुडालं. आता उजव्या कुशीवर 30 मीटरवर पडलेलं आहे. तुमच्या सर्टिफिकेटची मर्यादा 18 मीटर. फारच ओढ असेल तर तिथेच इन्स्ट्रक्टर घेऊन ॲडव्हान्स्ड कोर्स करा, त्यातला खोल डाइव्ह तिथे होऊ शकतो. आत मात्र शिरायचं नाही, तो वेगळा अभ्यास आहे.

तुमच्या कानाचं. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून घ्या, डाइव्हिंगसाठी म्हणून स्पष्ट सांगून. पडदा ठीक असेल तर बहुधा तुम्ही नाक दाबून हलकेच फुंकून कान मोकळा करायला उशीर करता, एवढंच आहे. पहिल्या दहा मीटरमध्ये दाब दुप्पट होतो, म्हणजे कानातल्या हवेचं आकारमान निम्मं होतं. पुढच्या दहात तेवढा फरक पडत नाही. म्हणून पृष्ठभागावर एकदा, मग डोकं बुडाल्यावर प्रत्येक हातभर अंतरावर कान मोकळा करा, दुखायच्या आत. दुखल्यावर नाक दाबून जोर लावला तर कानाला घशाशी जोडणारी नळी आणखी मिटते. दोन मीटर वर या, सैल व्हा, पुन्हा प्रयत्न करा. बोयाच्या दोराजवळून पाय खाली ठेवून उतरा, आणि डावा कान त्रास देत असेल तर मान उजवीकडे कलवून तो वरच्या बाजूला घ्या. नुसतं गिळूनही कधीकधी सुटतो. मिस्टरांना सांगून ठेवा की उतरण्याचा वेग तुमचा असेल, त्यांचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. नाक मोकळं करायची गोळी घेऊन जाऊ नका. पाण्याखाली असतानाच तिचा असर ओसरला तर वर येताना कानात हवा अडकते, आणि ते जास्त वाईट. चार-पाच दिवसांनंतर एक दिवस कोरडा ठेवा.

पाचव्या-सहाव्या दिवशी, हात बसल्यावर, दिवसा केलेल्याच जागी एक रात्रीचा डाइव्ह गाइडबरोबर करा. टॉर्चच्या उजेडात माणसाच्या उंचीएवढे चंदेरी टार्पन मासे खांद्याजवळून सरकतात. ते तुमच्याच उजेडात शिकार करत असतात, तेव्हा झोपलेल्या माशावर टॉर्च रोखून धरू नका, त्याचा जीव जाईल. पोपटमासा कपारीत स्वतःभोवती पारदर्शक चिकट पिशवी विणून झोपलेला दिसेल. जमलं तर पौर्णिमेनंतर दोन ते पाच दिवसांत ही रात्र ठेवा. सूर्यास्तानंतर पाऊण तासाने, चंद्र उगवायच्या आधी, टॉर्च बंद करून थांबलात तर काळोखात निळ्या ठिपक्यांच्या माळा खालून वर चढत जातात. दाण्याएवढे कवचवाले जीव आहेत ते, माद्यांना बोलावत असतात.

दिवसा दोन गोष्टी थांबून बघा. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा सार्जंट मेजर मासा निळसर झालेला दिसला तर त्याच्या मागच्या खडकावर जांभळट ठिगळ शोधा. ती अंडी, आणि तो बाप. तळहाताएवढा जीव तुमच्या मास्कवर धडका मारेल. दुसरी म्हणजे प्रवाळात रोवलेल्या, नखाएवढ्या रंगीत झाडांच्या जोड्या, खरं तर एकाच किड्याचे दोन तुरे. सावली पडली की क्षणात बिळात जातात. वीतभरावर तरंगत, अंग न हलवता थांबलात तर मिनिटाभरात हळूहळू पुन्हा उलगडतात. वजन बरोबर बसलंय का, याची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

बाकीचं पटकन. पाणी 26 ते 29 अंश, तीन मिलिमीटरचा सूट पुरतो. मास्क आणि बूट स्वतःचे न्या, बाकी भाड्याने. बऱ्याच सेंटरमध्ये नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) साध्या हवेच्याच दरात मिळतं, पण त्याचा छोटा कोर्स केल्याशिवाय घेऊ नका. तुमच्या खोलीला त्याची निकडही नाही. डाइव्हिंगचा विमा काढाच. बेटावर दाबकक्ष (डाइव्हिंगच्या आजारावर उपचाराची खोली) आहे, पण तो वापरायची वेळ आली तर बिल घाम फोडतं. क्लाइन बोनेरला बोटीने एकदा जा, गाइड असतो, तुम्हाला तेवढीच उसंत.

शेवटचा डाइव्ह आणि विमान यांत किमान 18 तास, मी स्वतः 24 ठेवते. परतीचं विमान सकाळचं असेल तर आदल्या दिवशी पाण्यात जायचं नाही, दक्षिणेकडे मिठागरांवर फ्लेमिंगो बघायला जा. त्याच रस्त्याला 1850 च्या सुमाराच्या, गुलामांसाठी बांधलेल्या दगडी खोपट्या आहेत, कमरेत वाकून आत शिरावं लागतं. ओले सूट आदल्या रात्रीच वाळत घाला, नाहीतर बॅगेत चार किलो पाणी भरून आणाल. आणि चेक डाइव्ह झाला की दोघांचे वजनाचे आकडे मला कळवा. तुमचं सहा किलोच्या वर गेलं तर सूट कुठला आणि टाकी कुठली तेही लिहा, म्हणजे कुठे अडतंय ते सांगता येईल.